ऑडिट लॉग (सर्व्हर घुसखोरीचा शोध)

सर्व्हरवर कोणी, केव्हा, कोणत्या खात्यातून काय केले याची ऑपरेटिंग सिस्टिमने ठेवलेली कालानुक्रमी नोंद. घुसखोराला अडवणे हे तिचे काम नाही. तो आत आल्याचे उघड करणे आणि त्याने काय काय हाताळले ते सांगणे, यासाठी ती असते.

या नोंदी चाळून गैरवापर हुडकण्याची कल्पना जेम्स पी. अँडरसन यांनी १९८० च्या अहवालात मांडली. डोरोथी डेनिंग यांच्या १९८७ च्या प्रारूपात वापरकर्त्याच्या नेहमीच्या वागण्याशी न जुळणारी कृती संशयास्पद मानली गेली.

दरम्यान १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवेळेच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. एवढ्या किरकोळ रकमेकडे कोणीही काणाडोळा केला असता. खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांनी केला नाही. त्या फरकामागे एक घुसखोर निघाला. त्याने संगणकाचे सर्वाधिकार मिळवले होते, म्हणजे त्यावरच्या नोंदी तो पुसू शकत होता. स्टोल यांनी बाहेरून येणाऱ्या लाइनींवर प्रिंटर जोडले आणि त्याचा प्रत्येक आदेश कागदावर उतरवून घेतला. माग जर्मनीतील हॅनोव्हरच्या मार्कुस हेसपर्यंत पोचला. चोरलेली माहिती सोव्हिएत केजीबीला विकली जात होती. घुसखोराचा हात पोचणार नाही अशा जागी नोंद ठेवण्याचे हे तत्त्व आजही सर्वांत मोलाचे आहे. म्हणून लॉग लगोलग दुसऱ्या सर्व्हरवर पाठवतात.

लिनक्समध्ये नोंदी ठेवण्याचे काम कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि ‘ऑडिटडी’ हा पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम मिळून करतात. पासवर्डच्या फाइलला हात लावणे, नवा प्रोग्रॅम चालवणे अशा घटनांसाठी नियम लावता येतात. लॉगिनच्या वेळी मिळालेला ओळखक्रमांक पुढे ‘सुडो’ या आदेशाने रूट, म्हणजे सर्वाधिकारी, झाल्यावरही नोंदीत टिकतो, त्यामुळे रूटच्या आडचा माणूस सापडतो. नियम कुलूपबंद केले, की रीबूट केल्याशिवाय ते बदलत नाहीत.

नोंदीवर नजर नसेल तर ती निरुपयोगी. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीत २०१७ च्या मे ते जुलैदरम्यान माहितीची चोरी नकळत चालू राहिली, कारण रहदारी तपासणाऱ्या उपकरणाच्या प्रमाणपत्राची मुदत उलटल्याने तपासणीच होत नव्हती. जुलैअखेर प्रमाणपत्र बदलताच संशयास्पद रहदारी दिसली.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. सर्व्हरांची घड्याळे जुळवून ठेवणेही बंधनकारक आहे. वेळा जुळल्या नाहीत, तर घुसखोर आधी कोणत्या यंत्रावर आला हेच ठरवता येत नाही.