वतन नव्हे, बिनपगारी सरकारी नोकरी

"आमचं वतन होतं," असे आजही काही वडीलधारे अभिमानाने सांगतात. त्यांचा मान राखूनही तरुणांनी या वतनाचा हिशेब मांडला पाहिजे.

मुंबई इलाख्यात १८७४ च्या वतन कायद्याने महार हा सरकारचा गावपातळीवरचा नोकर होता. टपाल पोहोचवायचे, लोकांना चावडीवर बोलवायचे, अधिकाऱ्याच्या मुक्कामी राबायचे, वसुलाची रक्कम तालुक्याच्या खजिन्यात नेऊन द्यायची. कामाला वेळकाळ नाही. तो आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने हजर व्हायचे. मोबदला काय? वाटण्या होऊन तुकडे पडलेली इनाम जमीन, तिच्यावरही जुडी. आणि गावकऱ्यांकडून बलुते. काम सरकारचे, पण पोट गावाच्या मर्जीवर. माणुसकीचा हक्क मागितला की बलुते बंद!

हा नुसता रूढीचा भाग नव्हता. खजिना वाहणाऱ्याला खजिन्यातून रीतसर पगार न देता महसूल खाते स्वस्तात चालवले जात होते. कुलकर्ण्यांच्या जागी पगारी तलाठी नेमण्याचे काम याच सरकारने हाती घेतले. म्हणजे लेखणीला पगार, पायपिटीला बलुते.

हा हिशेब बाबासाहेबांनी ओळखला. ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन आणि अर्थव्यवहारावर १९१५ मध्ये प्रबंध लिहिणारा हा माणूस होता. मार्च १९२८ मध्ये त्यांनी कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख कर सरकारने वसूल करावा. ज्याला नोकरी नको, त्याने पूर्ण सारा भरून जमीन राखावी आणि मोकळे व्हावे. सरकारने खर्चाची अडचण पुढे केली. शेवटी १९२९ मध्ये बाबासाहेबांना ते विधेयक मागे घ्यावे लागले. पण लढा थांबला नाही. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावच्या परिषदेत वाढीव जुडीविरुद्ध आवाज उठला. वतने रद्द करणारा कायदा आला १९५८ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

मित्रांनो, हा विषय अजून संपलेला नाही. त्या कायद्याने परत मिळालेल्या वतनी जमिनी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. तरीही त्या आज कोणाच्या ताब्यात आहेत? आपल्या गावचे जुने सातबारे आणि फेरफार काढा, वाचा. अभिमान बाळगायचाच असेल, तर वतनाचा नको. ते नाकारणाऱ्या लढ्याचा बाळगा.

जय भीम!