घरची मांडणी: प्लायवूड, युद्ध आणि ब्रिटनमधलं हाय-फाय

ब्रिटनमध्ये राहत असाल आणि जुन्या रेकॉर्ड्सचा नाद असलेल्या लोकांत तुमची ऊठबस असेल, तर एक वस्तू तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या घरी नक्की पाहिली असेल. प्लायवूडची, घरीच ठोकलेली मांडणी. वरच्या फळीवर रेकॉर्ड प्लेअर, मधल्या फळीवर ॲम्प्लिफायर, खाली ओळीनं उभ्या रेकॉर्ड्स. इंग्रजीत तिला रॅक म्हणतात. आम्ही मांडणी म्हणतोय, कारण स्वयंपाकघरातल्या ताटवाट्यांच्या मांडणीचं जे काम, तेच हिचं: वस्तू हाताशी असावी, दिसावी आणि पडू नये.

पॉडकास्टच्या या भागात घरगुती ध्वनियंत्रांवर तासभर गप्पा झाल्या, पण मांडणीच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं आली. म्हणून हा लेख. प्रश्न साधा आहे: ही वस्तू लोक घरी का करायला लागले? नेहमीचं उत्तर असं, की दुकानात महाग होती. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं उत्तर हाय-फायच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही, कारण ती पुस्तकं ज्यांनी लिहिली त्यांना दुकानाचं, पबचं, क्लबचं दार कधी कुणी बंद केलेलं नव्हतं.

यंत्र कपाटात होतं

सुरुवातीला मांडणीची गरजच नव्हती. १९०६ साली अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीनं व्हिक्ट्रोला बाजारात आणला. त्यात ग्रामोफोनचा कर्णा कपाटाच्या पोटात लपवला होता. दिवाणखान्यात यंत्र दिसू नये, फर्निचर दिसावं, ही त्यामागची कल्पना. पुढे रेडिओग्राम आला. रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, स्पीकर सगळं एकाच पॉलिश केलेल्या पेटीत. झाकण लावलं की वर फुलदाणी ठेवायला मोकळे.

ही पेटी फुटली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन या तरुण इंजिनिअरचा लेख आला. घरी बांधता येईल असा १५ वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर, आणि आवाजातली विकृती ०.१ टक्क्याच्या आसपास. आकृती दिलेली, ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळायचा तेही दिलेलं. युद्धात हजारो माणसांनी सैन्यात वायरलेस आणि रडारचं काम शिकून घेतलं होतं. युद्ध संपल्यावर लष्कराचा शिल्लक माल बाजारात आला होता: व्हॉल्व्ह, कंडेन्सर, मीटर, रडारच्या पडद्याच्या नळ्यासुद्धा. शिकलेले हात होते, स्वस्त सुटे भाग होते आणि आता नकाशाही मिळाला.

पण असा घरी बांधलेला ॲम्प्लिफायर म्हणजे काय दिसायचं? पत्र्याची उघडी चासी, वर तापलेले व्हॉल्व्ह, उचलताना कंबर धरावी असे लोखंडी ट्रान्सफॉर्मर. पॉवर सप्लाय बरेचदा वेगळ्या चासीवर. रेकॉर्ड प्लेअर तिसरीकडे, स्पीकर चौथीकडे. हे सगळं ठेवायचं कुठे? मांडणी इथे जन्माला आली. यंत्र फर्निचरच्या बाहेर पडलं, तेव्हा त्याला उभं राहायला फळी लागली.

फळी कुठून आली

आता फळीकडे या. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवलेले, प्रत्येक थराची रेषा खालच्या थराला काटकोनात. लाकूड रेषेच्या आडवं फुगतं आणि आकसतं. शेजारचा थर त्याला धरून ठेवतो, म्हणून प्लाय सहसा वाकडा होत नाही. थर नेहमी विषम असतात, म्हणजे मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना ओढ सारखी राहते. १८ मिलिमीटरच्या चांगल्या बर्च प्लायमध्ये तुम्ही कडेनं मोजलेत तर १३ थर भरतील.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिक किनाऱ्यावरच्या तालिनमध्ये लुथर कुटुंबाचा कारखाना बर्चचा प्लाय करत होता. त्याचा माल लंडनमध्ये व्हेनेस्टा ही कंपनी विकायची. गिऱ्हाईक कोण? मोठं गिऱ्हाईक चहा. आसाम आणि सिलोनच्या मळ्यांतला चहा लंडनला पाठवायला हलके, मजबूत खोके लागायचे. बाल्टिकमधलं बर्च बोटीनं चहाच्या मळ्यांत जायचं आणि चहा भरून ब्रिटनला यायचं. पुढे आसाममध्येच प्लाय बनू लागला. भारतातल्या प्लायवूड धंद्याची सुरुवात चहाच्या खोक्यांपासून आहे.

रिकामा खोका कुणी टाकत नसे. शॅकल्टनच्या १९०७ ते १९०९ च्या अंटार्क्टिक मोहिमेत सामान व्हेनेस्टाच्या खोक्यांतून गेलं होतं. तिथल्या हिवाळ्यात त्या माणसांनी 'अरोरा ऑस्ट्रॅलिस' नावाचं पुस्तक छापलं आणि खोक्यांच्या फळ्या पुठ्ठ्याऐवजी वापरून बांधलं. १९५० च्या दशकात ब्रिटिश पोरांनी चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी लावून बासवाद्य केलं. स्किफल संगीताची ती लाट होती, आणि बीटल्सच्या आधीच्या क्वारीमेन या मंडळीतही हा खोका वाजायचा. थोडक्यात, 'प्लाय मिळाला की काहीतरी करून टाकू' ही सवय हाय-फायच्या आधीची आहे, आणि तिची वाट चहाच्या मळ्यांवरून आलेली आहे.

डिंकाची गोष्ट

प्लायमध्ये अर्धी करामत डिंकाची असते. महायुद्धात डी हॅविलंड कंपनीचं मॉस्किटो हे विमान लाकडी होतं. बर्च प्लायच्या दोन पातळ थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड, अशी त्याची भिंत. पहिलं उड्डाण २५ नोव्हेंबर १९४०. एकूण ७,७८१ विमानं झाली. ॲल्युमिनिअमची टंचाई होती, पण हाय विकमसारख्या गावातले खुर्च्या-कपाटं करणारे कारागीर मोकळे होते, त्यांना कामाला लावलं. सुरुवातीला दुधापासून केलेला केसिन डिंक वापरत. पुढे केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रॉइन यांनी विकसित केलेला एरोलाइट, म्हणजे युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक आला.

१९४४ साली भारत आणि ब्रह्मदेशात उडणाऱ्या काही मॉस्किटोंचे सांधे सुटले, अपघात झाले, आणि नोव्हेंबरात विमानं जमिनीवर ठेवावी लागली. दोष दमट हवेचा की कारखान्यातल्या घाईच्या कामाचा, यावर वाद झाला. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच, की आज तुम्ही दुकानातून आणता त्या प्लायमागे ही सगळी उठाठेव आहे. फॉर्मल्डिहाइडचे डिंक युद्धानंतर घरगुती वस्तूंत शिरले, तेव्हा कुठे स्वस्त आणि टिकाऊ प्लाय सामान्य माणसाच्या हाती आला.

तोही लगेच नाही. लाकडावर ब्रिटनमध्ये युद्धानंतरही नियंत्रण होतं. सरकारी नमुन्याचं 'युटिलिटी' फर्निचर १९५२ पर्यंत चाललं. त्यानंतर मात्र घरी ठोकाठोकी हा राष्ट्रीय छंद झाला. 'प्रॅक्टिकल हाउसहोल्डर' १९५५ मध्ये निघालं, 'डू इट युवरसेल्फ' १९५७ मध्ये, आणि बॅरी बकनेल बीबीसीवर लोकांना फळी कशी बसवायची ते दाखवू लागला.

फळीचं काम काय

इथे तुम्ही विचाराल, फळी ती फळी, आवाजाशी तिचा संबंध काय? संबंध सुईचा आहे. जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई तबकडीवर शंभर ग्रॅमहून जास्त भार टाकायची. तिला आजूबाजूच्या धक्क्यांचं सोयरसुतक नव्हतं. एलपी अमेरिकेत १९४८ मध्ये आली, ब्रिटनमध्ये डेक्कानं १९५० मध्ये आणली. तिची खाच फार अरुंद. सुईचा भार आधी आठ-दहा ग्रॅमवर आला, पुढे एक-दोन ग्रॅमवर. आता जमिनीवरून कुणी चाललं तरी सुईला कळतं. स्पीकरचा आवाज फळीतून सुईपर्यंत पोचला, तर तो पुन्हा ॲम्प्लिफायरमध्ये जातो आणि स्पीकर घुमायला लागतो.

यॉर्कशरमधल्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९३२ मध्ये घराच्या तळघरात व्हार्फडेल स्पीकरचा धंदा सुरू केला होता. १९४८ मध्ये त्यांनी स्पीकरवर सोप्या भाषेत पुस्तक लिहिलं, ते खूप वाचलं गेलं. १ नोव्हेंबर १९५४ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी भरल्या सभागृहात खरे वादक आणि रेकॉर्ड आळीपाळीनं ऐकवली. ॲम्प्लिफायर क्वाडच्या पीटर वॉकर यांचे होते. ब्रिग्ज यांचा एक आवडता उपाय म्हणजे प्लायच्या दोन पातळ फळ्यांमध्ये कोरडी वाळू भरायची. फळी थरथरायला लागली की वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि थरथर तिथेच जिरते. मॉस्किटोची भिंत आणि ही फळी, दोन्हींची रचना एकच. एकीत मध्ये हलकं लाकूड, दुसरीत जड वाळू.

दुसरा इतिहास

इथवरची गोष्ट हाय-फायच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल: हुशार इंजिनिअर, मासिकं, शनिवार-रविवारचे सुतार. या गोष्टीत बाया जवळजवळ नाहीत. कीर काइटली या अभ्यासकानं १९४८ ते १९५९ च्या अमेरिकन मासिकांचा अभ्यास करून १९९६ मध्ये दाखवलं, की तिथे हाय-फाय ही घरात पुरुषाची स्वतंत्र जागा म्हणून रंगवली जायची, आणि बायको म्हणजे आवाज कमी कर म्हणणारी. मांडणी दिवाणखान्यात आली तेव्हा दिवाणखाना कुणाचा हे भांडणही सोबत आलं.

आणि या गोष्टीत काळी माणसं नाहीत. १९४८ पासून कॅरिबियन बेटांवरून माणसं ब्रिटनला येत होती. अनेक पब आणि नाचघरं त्यांना आत घेत नव्हती, आणि सार्वजनिक ठिकाणच्या या भेदभावाविरुद्ध कायदा १९६५ पर्यंत झाला नाही. मग नाच घराच्या तळघरात, दाराशी थोडे पैसे घेऊन. जमैकातल्या एका नावाजलेल्या साउंड सिस्टिमवर रेकॉर्ड लावणारा ड्यूक व्हिन १९५४ मध्ये इंग्लंडला आला आणि १९५५ मध्ये त्यानं लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात साउंड सिस्टिम उभी केली. ब्रिटनमधली पहिली म्हणून ती ओळखली जाते.

साउंड सिस्टिममध्ये काय असतं? हातानं बांधलेले व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर, आणि प्लायवूडच्या, कपाटाएवढ्या मोठ्या स्पीकरपेट्या. सामान तेच. व्हॉल्व्ह तेच, प्लाय तोच, हिशेबही तोच: कुठला आवाज कुठल्या पेटीतून काढायचा, कुठली फळी थरथरू द्यायची नाही. फरक गरजेचा. एकाला दुकानातली वस्तू परवडत नव्हती, म्हणून तो घरी करत होता. दुसऱ्याला ऐकायला जागाच नव्हती, म्हणून तो जागा बांधत होता. पहिल्याला इतिहासात 'छंदी तंत्रज्ञ' म्हटलं गेलं. दुसऱ्याच्या दारावर आवाजाची तक्रार घेऊन पोलीस आले. परदेशात येऊन भाड्याच्या खोलीत आपलं गाणं मोठ्यानं लावताना ज्यांचा हात क्षणभर अडखळलाय, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. म्हणूनच आम्हाला वाटतं, की घरगुती हाय-फायचा इतिहास लिहायचा तर दोन्ही सुतार एकाच प्रकरणात हवेत.

तुम्ही करणार असाल तर

एलपीच्या कव्हरची बाजू साधारण साडेएकतीस सेंटिमीटर, म्हणून कप्पा आतून ३३ उंच ठेवा. कव्हरसकट एक रेकॉर्ड दोन-अडीचशे ग्रॅम भरते. शंभर रेकॉर्ड्स म्हणजे वीस-पंचवीस किलो. १८ मिलिमीटरचा प्लाय घ्या आणि फळी आधाराशिवाय साठ सेंटिमीटरहून लांब नेऊ नका, नाहीतर मध्ये झोळ येईल. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर भरपूर मोकळी हवा ठेवा. जुन्या व्हिक्टोरियन घरांत लाकडी जमीन पावलागणिक हलते. तिथे जड मांडणीपेक्षा रेकॉर्ड प्लेअरसाठी विटांच्या भिंतीला ठोकलेली हलकी फळी बरी. कडा झाकू नका. थर दिसू द्या.

आणि प्लाय घ्यायला गेलात की दुकानदाराला विचारा, हा कुठला? बर्चचा चांगला प्लाय बराच काळ रशिया आणि बेलारूसहून यायचा. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर ब्रिटन आणि युरोपीय संघानं तिथल्या लाकडावर निर्बंध आणले, आणि अनेक सुतारांना दुसरा माल शोधावा लागला. म्हणजे युद्ध अजूनही फळीच्या भावात आहे. तेरा थर मोजाल तेव्हा तेही लक्षात असू द्या.