काळ्या पिशवीची कुळकथा

वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. उंची दहा फूट धरली, तर नुसत्या आतल्या हवेचं वजन पन्नास किलोच्या वर भरतं. खोलीत दाटीवाटीने झोपणाऱ्या आठ-दहा माणसांत हे आणखी एक बिनभाड्याचं माणूस! ही हवा ३० अंशांनी तापवली, की ती फुगते आणि जवळपास पावणेपाच किलो हवा दारं-खिडक्यांतून बाहेर पडते. उन्हावर उडणाऱ्या फुग्याचं सगळं भांडवल एवढंच.

मूळपुरुष फ्रान्सचे मोंगोल्फिए बंधू. ४ जून १७८३ रोजी आनोने गावात त्यांनी आतून कागद लावलेला कापडी फुगा उडवला. खाली पेंढा आणि लोकर जाळली होती; दाट धुरातच उचलण्याची शक्ती आहे, असा त्यांचा समज. खरं काम उष्णतेचं होतं. मग आग कशाला, ऊन का नको?

अडलं कातडीपाशी. खोलीभर हवा मावेल असा गोल फुगा शिवायला साठेक चौरस मीटर कापड लागतं. मांजरपाट घेतलं तर तेच आठ-नऊ किलो. पावणेपाच किलोची उचल त्याला कुठली पुरायला? आगीने हवा आणखी तापवता येते, उन्हाला ती मुभा नाही. फुगा अवाढव्य केला की घनफळ कातडीच्या पुढे धावतं आणि हिशोब जमतो. अमेरिकेचे ट्रेसी बार्न्स १९७३ साली उन्हावर उडाले, ज्युलियन नॉट यांनी १९८१ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली.

गच्चीवर मावणारा फुगा मात्र पॉलिथिनचीच अवलाद. दहा मायक्रॉनचा कागद वापरला, तर साठ चौरस मीटरचं वजन जेमतेम सहाशे ग्रॅम. अशा पिशवीचा काळा रंग ऊन पितो, आतली हवा आपसूक तापते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) हैदराबादहून उडणारे संशोधनाचे फुगेही पॉलिथिनचेच, पण त्यांच्या पोटात हायड्रोजन. म्हणजे चुलत घराणं.

उडत्या कंदिलांवर मुंबई पोलिसांनी वेळोवेळी बंदी घातली, ती आगीच्या भीतीने. काळ्या पिशवीत आग नाही, तरी दोरी सोडू नये. वर विमानं आहेत. वरळीच्याच जांबोरी मैदानावर उडवायची, तर डिसेंबरातली सकाळ बरी. बाहेरची हवा गार, म्हणून जड, आणि वाराही पडलेला. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला, की तो आतली ऊब ओरबाडून नेतो आणि पिशवी आडवी होते.