पत्रांतील स्त्री व पडद्यावरील स्त्री

जावा बेटातील एका डच शाळेत शिकत असलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या कानी पंडिता रमाबाईंचे नाव पडले. स्वतंत्र होणे हे केवळ गोऱ्या स्त्रीच्याच भाग्यात नाही, सावळ्या स्त्रीलाही ते साधते, या जाणिवेने आपण थरारून गेलो, असे तिने पुढे एका पत्रात नमूद केले आहे. ही मुलगी म्हणजे कार्तिनी. आपल्या रमाबाईंचे हे ऋण मराठी वाचकांच्या फारसे परिचयाचे नाही, म्हणून आरंभीच त्याचा निर्देश केला.

कार्तिनीचा जन्म १८७९ साली जपारा येथे, एका सरदार घराण्यात झाला. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि घराण्याच्या रीतीप्रमाणे तिला वाड्याच्या भिंतीआड राहावे लागले. तेथून तिने डच मित्रमैत्रिणींना पत्रे लिहिली; बहुपत्नीकत्व, बालविवाह, मुलींचे अज्ञान यांवर लिहिले. १९०३ साली तिचा विवाह झाला, तोही आधीच्या बायका असलेल्या एका संस्थानी अधिकाऱ्याशी. १९०४ च्या सप्टेंबरात, प्रसूतीनंतर चौथ्या दिवशी ती निवर्तली. तिची पत्रे १९११ साली प्रसिद्ध झाली खरी, पण ती निवडणारा व त्यांतील मजकूर गाळणारा आबेंदानोन हा डच शिक्षणाधिकारी होता. त्याच्या कुटुंबास लिहिलेली पत्रे समग्र छापली जाण्यास १९८७ साल उजाडावे लागले.

पत्रे कोण निवडतो, या प्रश्नाचे महत्त्व धार-देवासकडील आम्हां मराठी मंडळींना सहज पटावे. आमच्या देवासचे नाव इंग्रजी वाचकांपर्यंत पोचले ते फॉर्स्टर यांच्या पत्रांतून. थोरल्या पातीच्या महाराजांकडे चिटणिशी केलेल्या या लेखकाने ती १९५३ साली स्वतःच निवडून छापली. त्यांत दरबार दिसतो, महाराज दिसतात. देवासच्या घराघरांतील मराठी स्त्री मात्र क्वचितच दिसते. असो.

कार्तिनीशी खरे साम्य आहे ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. जन्म १८६५, नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. १८८३ साली कलकत्त्याहून प्रस्थान. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची पदवी. त्या समारंभास रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील जागा स्वीकारण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने अंत. वय अवघे एकवीस.

अमेरिकेतून आनंदीबाईंनी पती गोपाळरावांना लिहिलेले एक पत्र आम्ही अनेकदा वाचले आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेली पुस्तके व खुर्च्या, टाकून जाण्याची धमकी, हे सारे त्या त्यांत एकेक सांगतात. परंतु त्या रडत नाहीत. हेतू पाहिला तर वागणूक योग्य म्हणावी, पण बालमनावर झालेला परिणाम पाहता ती अयोग्यच होती, असा न्याय त्या देतात. ज्याच्या आग्रहाने आपण शिकलो त्याचाच हा निवाडा. एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीच्या लेखनात याहून निर्भय परिच्छेद आम्हांस आढळलेला नाही.

श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने ही कथा घरोघर नेली. त्याच नावाचा समीर विद्वांस यांचा चित्रपट २०१९ साली आला व त्यास राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपट मनोवेधक आहे, यात शंका नाही. पण नावातच दोघे आहेत. आणि हट्टी, तऱ्हेवाईक, तापट गोपाळराव पडद्यावर आला की नजर त्याच्यावरून हलत नाही. शिक्षणासाठी सोसणारी आनंदीबाई दिसते. सोसलेल्याचा हिशेब मांडणारी तितकी दिसत नाही. पदवीदान हा डोळ्यांना दिसणारा प्रसंग आहे. रात्री दिव्याशी बसून पतीला जाब लिहिणे हा तसा प्रसंग नव्हे, हे दिग्दर्शकाच्या बाजूने म्हणता येईल.

मात्र कार्तिनीवरील चित्रपट पाहता हा बचाव अपुरा वाटतो. सुमनजयांचा १९८२ चा 'रा. आ. कार्तिनी' आणि हानुंग ब्रामान्त्यो यांचा २०१७ चा 'कार्तिनी' असे दोन चित्रपट तिच्यावर आहेत. दुसऱ्यात तिची आई न्गासिरा हिला मोठे स्थान आहे. ही स्त्री कनिष्ठ पत्नी. स्वतःच्या मुलीच्या घरात तिचा दर्जा दुय्यम. त्या एका आईमुळे कार्तिनी बहुपत्नीकत्वाविरुद्ध का लिहिते, ते भाषणावाचून कळते. आनंदीबाईंच्या कथेत ते काम करू शकेल अशी वस्तू होती. ते दहा दिवसांचे मूल. आपल्या पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर.