ओट्यावरचा कडप्पा कुठल्या गाडीने आला?

महाराष्ट्राला दगडाची ददात कधीच नव्हती. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट इथे आणि शेजारच्या मुलखात मिळून जवळजवळ 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. किल्ले, लेणी, घाट, मंदिरं सगळी त्याच्यात उभी राहिली. स्वयंपाकघरात मात्र त्याच्या वाट्याला पाटा-वरवंटा आणि जातं एवढंच आलं. जमिनीवर पसरली शहाबादी फरशी आणि ओट्यावर बसला कडप्पा. दोन्ही परमुलखातले, दोन्ही चुनखडक, आणि दोघांची नावं रेल्वेच्या एकाच मार्गावर सापडतात. मुंबईहून मद्रासकडे निघालेली गाडी सोलापूर, कलबुर्गी (पूर्वीचं गुलबर्गा) सोडून शहाबाद, वाडी, रायचूर, गुंटकल, ताडिपत्री, येर्रगुंटला करत कडप्याला पोचते. जी. आय. पी. रेल्वे आणि मद्रास रेल्वे यांचे रूळ 1871 साली रायचूरला जुळले, तेव्हा हा मार्ग सलग झाला. आपल्या ओट्याचा दगड गुणांवर निवडला गेला नाही, तो या मार्गाने आणि दगडातल्या थरांनी ठरवला, असं माझं म्हणणं आहे.

आधी थरांचं पाहू. चुलीपुढे बसून होणारा स्वयंपाक घासलेटच्या स्टोव्हने आणि पुढे गॅसने उभा केला, हे सर्वांना माहीत आहे. या बदलात दगडाकडून एक नवी मागणी आली, तिच्याकडे मात्र फारसं लक्ष गेलेलं नाही. शेगडी वर आणि सिलिंडर खाली ठेवायचा, तर ओटा भरीव बांधून चालत नाही. खाली पोकळी हवी आणि वर ती पेलणारी लांब, रुंद, पातळ लादी हवी. बेसाल्ट इथेच हरतो. तो घट्ट आहे, टिकाऊ आहे, पण थंड होताना त्याला उभ्याआडव्या भेगा पडलेल्या असतात, कुठे पोकळ्या असतात, आणि थरांत तो सुटत नाही. छिन्नी-हातोड्याने त्याची पातळ लादी काढणं म्हणजे पाथरवटाला शिक्षाच. समुद्रतळाशी थरावर थर साचून बनलेला चुनखडक मात्र पहारीने उचकटला तरी सपाट सुटतो. यंत्रकरवती येण्याआधीच्या काळात हा गुण बाकी सगळ्या गुणांना भारी पडला.

आता नावाचा वाद. ज्याला आपण कडप्पा म्हणतो तो दगड फक्त कडप्याचा नाही. बेतमचेर्ला, ताडिपत्री इथेही त्याच्या खाणी आहेत. मग मान कडप्यालाच का? एक उत्तर असं की हे नाव भूशास्त्राने दिलं. विल्यम किंग यांनी 1872 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी या प्रदेशाचा मोठा अहवाल लिहिला आणि तिथल्या खडकांची कडप्पा व कर्नूल अशी वर्गवारी केली. उत्तर आकर्षक आहे, पण त्याच अहवालाच्या वर्गवारीवर ते आपटतं. आपल्या लाद्या प्रामुख्याने ज्या नारजी चुनखडकाच्या, तो कर्नूल गटात मोडतो. गवंड्यांनी शास्त्रज्ञांचं ऐकलं असतं तर आज ओट्यावर ‘कर्नूल’ असता. दुसरं उत्तर जिल्ह्याचं: खाण कुठेही असो, जिल्ह्याचं ठिकाण नाव देतं. कोटा फरशीला ते लागू पडतं. ती मुख्यतः रामगंजमंडीच्या आसपास निघते आणि विकली जाते कोट्याच्या नावाने. पण याच न्यायाने शहाबादीला गुलबर्गा फरशी म्हणायला हवं होतं, ते कुणी म्हटलं नाही. उलट केवळ स्टेशनाने नाव दिलं म्हणावं, तर रामगंजमंडीलाही स्टेशन आहेच. तेव्हा एकच नियम तिन्ही नावांना पुरत नाही. माझा तर्क असा की नाव खाणीवर पडलंच नाही, ते घेणाऱ्याच्या बाजारात पडलं. माल कुठून चढला असं वखारवाल्याला वाटलं, ते नाव त्याने सांगितलं. कधी ते गाव निघालं, कधी जिल्हा. रेल्वेने दगडाबरोबर नावाचीही वाहतूक केली.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप काळाचा आहे. उभा ओटा घरोघरी झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तोवर ट्रक धावू लागले होते. मग रेल्वेला श्रेय कशाला? श्रेय असं की ओट्याची मागणी आली तेव्हा व्यापार आधीच बसलेला होता. फरशीच्या निमित्ताने खाणमालक, अडते, वखारी, बसवणारे कारागीर यांची साखळी जुळलेली होती. ओट्याला नवा दगड शोधावाच लागला नाही. दुसरा आक्षेप असा की कडप्पा मजबूत आणि काळा, म्हणून लोकांनी डोळसपणे घेतला. काळा रंग काजळी आणि तेल लपवतो, हे मान्य. मजबुतीचं मात्र तपासून पाहावं. चुनखडकातलं मुख्य खनिज कॅल्साइट. मोहच्या दहा पायऱ्यांच्या कठीणपणाच्या कोष्टकात त्याची पायरी 3. सुरीचं पोलाद त्याहून कठीण, म्हणजे भाजी चिरताना ओरखडा ठरलेला. त्याहून वाईट म्हणजे कॅल्साइट आम्लात विरघळतं. ज्या घरांत रोज लिंबू, चिंच, आमसूल, ताक सांडतं, तिथे हा दगड गुणांवर निवडला असता तर पहिल्याच फेरीत बाद झाला असता. पॉलिश उडून पडणारे पांढुरके डाग, आणि ते झाकायला फिरवलेला तेलाचा हात, हा त्या बिनगुणी निवडीचा पुरावा आहे.

हिऱ्याच्या दात्यांची करवत आली आणि थरांची सक्ती संपली. मग ग्रॅनाइट आला, तोही नाव बदलूनच. आंध्रातल्या चिमकुर्तीचा ठिपक्याठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ खऱ्या अर्थाने ग्रॅनाइट नाहीच. तो गॅब्रोच्या कुळातला, म्हणजे आपल्या बेसाल्टचाच भाऊबंद, फक्त खोल जमिनीत सावकाश निवलेला. सावकाश निवल्यामुळे त्याचे भेगा नसलेले मोठे ठोकळे मिळतात. ज्या गोत्राला ओट्याने नाकारलं होतं, ते असं मागच्या दाराने आत आलं. त्यानंतरचा क्वार्ट्झ तर कारखान्यातला: क्वार्ट्झचा चुरा रेझिनने बांधलेला. लिंबाला तो दाद देत नाही, पण तापलेली कढई रेझिनला सोसत नाही. शिवाय तो कापताना उडणाऱ्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस होतो, म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदी घातली. यातून निवड करणाऱ्याने घ्यायचं ते एवढंच की दगडाचं नाव त्याचा गुण सांगत नाही, फार तर त्याचा बाजार सांगतं. म्हणून वखारीत नाव विचारून भागत नाही. पॉलिश केलेला एक तुकडा मागून घ्यावा, त्यावर लिंबू पिळून रात्रभर ठेवावं, सुरीचं टोक ओढून पाहावं, आणि मगच पैसे मोजावेत.