सुरीवरचे नाव कोणाचे? जपानी सुऱ्यांच्या बाजाराचा इतिहास

जपानी भाषेत स्वयंपाकघरातील सुरीला ‘होचो’ म्हणतात. हा शब्द मुळात वस्तूचा नव्हे, माणसाचा. ‘च्वांग-त्झू’ या प्राचीन चिनी ग्रंथात डिंग नावाच्या एका आचाऱ्याची कथा आहे. बैलाच्या सांध्यांमधली पोकळी ओळखून तो इतक्या हलक्या हाताने पाते फिरवी, की १९ वर्षे वापरूनही त्याची सुरी नवीच्या नवी राहिली होती. ‘पाकशाळेतला डिंग’ या अर्थाची ती चिनी अक्षरजोडी जपानात गेली. तिथे ती आधी आचाऱ्याला आणि पुढे त्याच्या हातातील सुरीला चिकटली. माणूस मागे पडला, सुरी उरली.

आजचा धागा या होचोच्या खरेदी-विक्रीविषयी आहे. हाती धरलेला प्रश्न एकच: पात्यावर कोरलेले नाव कोणाचे असते? या प्रश्नाचे उत्तर काही शतके एकच होते. गेल्या पंचवीसएक वर्षांत ते बदलू लागले, आणि ते बदलले कोणत्याही सरकारने वा कंपनीने नव्हे, तर जगभरच्या शौकीन गिऱ्हाइकांनी.

आधी तलवारीकडे पाहावे लागेल. जपानी तलवारीच्या बाजारात घडवणाऱ्याच्या नावाला फार पूर्वीपासून मोल होते. लोहार आपले नाव मुठीत दडणाऱ्या भागावर कोरी. पण नाव कोरले म्हणजे ते खरेच असेल असे नाही. खोट्या नावांचाही सुकाळ होता. म्हणून पारख करणारी घराणी उदयाला आली. त्यांत होन्आमी हे सर्वांत प्रसिद्ध. तलवार अस्सल ठरली, की हे घराणे घडी घातलेल्या कागदावर तसा दाखला लिहून देई. या घडीच्या कागदाला ‘ओरिगामी’ म्हणत. आपल्याला ओरिगामी म्हटले की कागदाचे बगळे आठवतात, पण जपानीत ‘ओरिगामी-त्सुकी’ म्हणजे ‘ओरिगामीसह’ हा शब्द आजही खात्रीच्या माणसासाठी वा मालासाठी वापरला जातो. १७१९ साली शोगुन तोकुगावा योशिमुने याच्यासाठी होन्आमी घराण्याने नामांकित तलवारींची एक यादीच तयार केली. तीत सोन्याच्या नाण्यांमध्ये किमतीही दिलेल्या होत्या.

स्वयंपाकघरातल्या सुरीच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. तिचा इतिहास ओसाकाच्या दक्षिणेला असलेल्या सकाई या बंदरात अधिक स्पष्ट दिसतो. पाचव्या शतकात या परिसरात राजघराण्याच्या प्रचंड समाध्या उभारल्या गेल्या आणि इथला लोहारकीचा धंदा सांगताना जपानी लोक तिथपासून सुरुवात करतात. मात्र सकाईच्या पात्यांना देशभर बाजार मिळाला तो तंबाखूमुळे. १५४३ साली पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले आणि त्यांच्याबरोबर बंदूक आली. सकाईचे लोहार लगोलग बंदुका घडवू लागले. त्याच शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारातून तंबाखूही पोहोचली. इथे आपल्याकडचा एक धागा जुळतो. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी गोवा होती, आणि नागासाकीचा व्यापार गोवा, मलाक्का, मकाव या टप्प्यांनीच चाले. दख्खनलाही तंबाखूची ओळख पोर्तुगीजांनीच करून दिली. १६०४च्या सुमारास असद बेगने विजापुराहून अकबराच्या दरबारात नेलेली तंबाखू या एकाच सागरी जाळ्यातली.

जपानी चिलीम फार लहान तोंडाची असते. तिच्यात भरायची तंबाखू केसासारखी बारीक चिरावी लागे आणि त्यासाठी अतिशय तीक्ष्ण पाते हवे. सकाईची तंबाखू-सुरी या कामात सरस ठरली. पुढे शोगुनशाहीने तिच्या विक्रीचा मक्ता सकाईच्या व्यापारीसंघाला दिला आणि पात्यांवर ‘सकाई किवामे’ अशी मोहोर उमटू लागली. किवामे म्हणजे पारखून ठरवलेले. ही मोहोर गावाची, संघाची, सत्तेची होती. लोहाराचे नाव तिच्यात नव्हते.

हे केवळ दुर्लक्ष म्हणता येत नाही. त्यामागे धंद्याची घडण होती. सकाईत सुरी एक माणूस करत नाही. लोहार मऊ लोखंडावर पोलाद जोडून पाते घडवतो आणि त्याला पाणी देतो. मग ते शिकलगाराकडे जाते. तो निरनिराळ्या दगडांवर त्याची जाडी उतरवतो, धार काढतो. मूठ बसवणारा आणखी तिसरा. या सर्वांना बांधून ठेवणारा असतो तो घाऊक व्यापारी, म्हणजे ‘तोन्या’. कच्ची पाती विकत घेणे, ती धारेसाठी पाठवणे, साठा करणे, दूरदूरच्या आचाऱ्यांना पुरवणे हे सारे त्याच्याकडे. शेवटी पात्यावर नावही त्याचेच. एकाच लोहाराची पाती चार पेढ्यांच्या चार नावांनी विकली जात आणि आपला लोहार कोण, हे पेढी सहसा सांगत नसे. यात कारागिराचा तोटा होता हे उघड आहे. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पाते चिरले किंवा धार टिकली नाही, तर आचारी लोहाराला शोधत फिरणार नाही. तो दुकानात येणार. नाव होते ते जबाबदारी घेणाऱ्याचे.

इतर गावांच्या कहाण्या वेगळ्या आहेत. निइगाता प्रांतातील संजो येथे पुरांनी नाडलेल्या शेतकऱ्यांना सतराव्या शतकात खिळे घडवायला शिकवले गेले. तिथली लोहारकी त्या खिळ्यांतून वाढली. एचिझेनची प्रसिद्धी विळ्यांमुळे झाली, आणि त्यांचे विक्रेते फार मजेदार: लाखेच्या झाडांचा चीक गोळा करण्यासाठी देशभर हिंडणारे लोक जोडधंदा म्हणून हे विळे बरोबर नेत आणि गावोगाव विकत.

म्हणून ‘सामुराई तलवारीचा थेट वारसा’ ही जाहिरात वाचताना थोडे सावध राहावे. वारसा अगदीच खोटा नाही. सेकी हे गाव तलवारींचेच होते, आणि १८७६ साली मेइजी सरकारने तलवार बाळगण्यावर बंदी घातल्यावर अनेक लोहार सुऱ्या, कात्र्या, वस्तरे यांकडे वळले. त्याच सुमारास नवे गिऱ्हाईकही तयार होत होते. १८७२ साली सम्राटाने मांस खाल्ल्याचे जाहीर झाले, शहरांत गोमांसाची खाणावळ प्रतिष्ठित ठरली आणि पाश्चात्त्य धर्तीची, दोन्ही बाजूंनी धार असलेली ‘ग्युतो’ रूढ झाली. तिच्या नावातच ‘गाय’ आणि ‘तलवार’ अशी दोन अक्षरे आहेत. तरीही आजच्या सुरीचे पूर्वज मोजायचे झाले, तर तलवारीइतकाच मान तंबाखूच्या सुरीला, खिळ्याला आणि विळ्याला द्यावा लागेल. जाहिरातीत खिळा शोभत नाही, एवढेच.

विसाव्या शतकात आणखी एक नाव पात्याशी जोडले गेले, तेही लोहाराचे नव्हे, पोलादाचे. शिमाने प्रांतातील यासुगी येथील पोलाद ‘शिरोगामी’ आणि ‘आओगामी’ म्हणजे पांढरा कागद आणि निळा कागद या नावांनी विकले जाते. प्रकार ओळखता यावेत म्हणून चिकटवलेल्या कागदांचे हे रंग. पांढरे म्हणजे जवळपास शुद्ध कार्बन पोलाद. निळ्यात क्रोमियम आणि टंगस्टन मिसळलेले. कारखान्यातील ही सोय पुढे शौकिनांच्या बोलण्यातला परवलीचा शब्द झाली.

जपानबाहेर या सुऱ्यांची गोडी वाढवली ती मुख्यतः गंजरोधक सुऱ्यांनी. १९८५ साली निइगातातील योशिकिन कंपनीने मुठीसकट धातूची ‘ग्लोबल’ सुरी आणली. २००० साली अमेरिकी आचारी आणि लेखक अँथनी बोर्डेन यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात तिची शिफारस केली. नंतर इंटरनेटवरून थेट जपानी दुकानांतून माल मागवता येऊ लागला आणि न्यूयॉर्क वा लंडनचा हौशी माणूस एक नवाच प्रश्न विचारू लागला: हे पाते घडवले कोणी?

जुन्या पेढीला हा प्रश्न अडचणीचा होता. पण गिऱ्हाईक त्यासाठी अधिक पैसे मोजायला तयार होते, आणि व्यापाराला दुसरे निमित्त लागत नाही. हळूहळू लोहारांची नावे विक्रीच्या वर्णनात आली, मग पात्यांवर आली. संजोच्या ‘शिगेफुसा’सारख्या छोट्या कारखान्याची सुरी मिळण्यास वर्षे लागू लागली, तेव्हा वापरलेली सुरीसुद्धा मूळ किमतीपेक्षा महाग विकली गेली. तलवारीच्या बाजारातील जुनी मानसिकता इथे स्वयंपाकघरात शिरली. काही सुऱ्या तर डब्याबाहेरही येत नाहीत. कांदा चिरला की किंमत उतरते! नावाची ही ओढ कुठवर जाते, हे २०१९ साली दिसले. बोर्डेन यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या वस्तूंच्या लिलावात एका सुरीला २,३१,२५० डॉलर मिळाले. अंदाज होता ४,००० ते ६,००० डॉलरचा. ती सुरी जपानी नव्हती. अमेरिकी लोहार बॉब क्रेमर यांनी ती घडवली होती. बोली लागली ती दोन नावांवर, घडवणाऱ्याच्या आणि वापरणाऱ्याच्या.

शौकिनांच्या आपापसातील व्यवहारात मात्र नावाखेरीज एक रोकडा हिशेबही असतो. सुऱ्यांची लांबी २१०, २४०, २७० मिलिमीटर अशी ३०च्या पटीत असते, कारण जुने जपानी माप ‘सुन’ साधारण ३०.३ मिलिमीटरचे. लांबी फारशी बदलत नाही. बदलते ती रुंदी. प्रत्येक वेळी दगडावर घासताना पाते किंचित झिजते. म्हणून जाणता विकत घेणारा टाचेपाशी रुंदी किती उरली, धारेमागची जाडी किती, पूर्वीच्या मालकाने धार हाताने लावली की यंत्रावर, हे आधी विचारतो. यंत्राच्या उष्णतेने पाणी उतरलेले पाते कोणाचेही नाव असले तरी कामाचे नसते.

या चौकशीतूनच शिकलगाराकडे लक्ष गेले. भाजी चिरताना हाताला जे जाणवते, त्यातले पुष्कळ त्याच्या दगडावर ठरलेले असते. आता काही दुकाने लोहार आणि शिकलगार अशी दोन्ही नावे सांगतात आणि एकाच लोहाराच्या पात्याची किंमत धार कोणी काढली यावरून बदलते. मूठ बसवणाऱ्याचे नाव मात्र अजूनही क्वचितच कोणी विचारते.