पाण्याकाठचा दगड

शहरातल्या पाण्याकाठच्या उद्यानांचा अभ्यास करायला येणारे बहुतेक जण झाडांच्या ओढीने येतात. काही भिंतींचा हिशेब घेऊन येतात, काही रेखाटने घेऊन. सगळ्यांचे स्वागत आहे. विनंती एकच, की सुरुवात दगडापासून करावी. नदी, खाडी किंवा समुद्राच्या काठी दगडाकडे सजावट म्हणून पाहिले की पुढचे निर्णय चुकत जातात. पाण्याला किती आत येऊ द्यायचे आणि माणसाला पाण्याच्या किती जवळ जाऊ द्यायचे, हे तिथे दगडच ठरवतो.

आधी पाण्याची ताकद समजून घेऊ. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर त्याला हलवता येणाऱ्या दगडाचे वजन ६४ पट होते, कारण ते वेगाच्या सहाव्या घातानुसार वाढते. एरवी वाळूच काय ती सरकवणारी नदी पुरात धोंडे लोटते ती यामुळे. म्हणून काठाच्या उतारावर डबर टाकताना दगडाचे वजन पुराच्या वेगावरून ठरवावे लागते, खाणीत काय स्वस्त मिळते यावरून नाही. दगड लहानमोठे मिसळलेले हवेत, म्हणजे ते एकमेकांत अडकतात. त्यांच्या फटींत शिरताना लाटेचा जोर मोडतो, आणि त्याच फटींत खेकडे, मासळीची पिल्ले आसरा घेतात. सरळ उभ्या भिंतीवर लाट आपटून मागे फिरते आणि भिंतीच्या पायाची माती उकरते. शिवाय ओहोटीला भिंतीमागे कोंडलेले पाणी तिला बाहेर ढकलत राहते. त्याला वाट करून देणारी छिद्रे नसतील किंवा बुजली असतील, तर भिंत आज ना उद्या झुकते.

दगडाखाली वाळू-खडीचा किंवा जाड विणीच्या कापडाचा गाळणथर लागतो. तो नसेल तर परतणारी प्रत्येक लाट फटींतून थोडी माती ओढून नेते. वरून काठ शाबूत दिसतो आणि एखाद्या पावसाळ्यात वरची फरसबंदी अचानक खचते. काम झाल्यावर हा थर कोणालाच दिसत नाही, म्हणून काटकसरीची कात्री पहिल्यांदा त्याच्यावर चालते. या क्षेत्रातली सर्वांत महाग पडणारी बचत हीच, असे माझे ठाम मत आहे.

न्यूयॉर्कचे ब्रुकलिन ब्रिज पार्क नवागताने सविस्तर अभ्यासावे असे आहे. ईस्ट रिव्हरच्या काठी, मालवाहतूक थांबलेल्या धक्क्यांवर, सुमारे ८५ एकरांत ते पसरले आहे. रचना मायकेल व्हॅन व्हॅलकेनबर्ग यांच्या संस्थेची. पहिल्या धक्क्यावरचा भाग मार्च २०१० मध्ये खुला झाला. इतर बरेचसे धक्के पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभे आहेत, त्यांच्यावर भार टाकायला मर्यादा. पहिला धक्का मात्र भरावाचा. त्यामुळे उंचवटे आणि अवजड दगड तिथेच पेलणार होते, आणि ते तिथेच आले. रूझवेल्ट आयलंडच्या पुलाच्या पुनर्बांधणीतून निघालेल्या ग्रॅनाइटच्या शिळांच्या पायऱ्या तिथे रचल्या आहेत. त्यांवर बसले की समोर बंदर आणि मॅनहॅटन दिसते. काठाचा काही भाग दगडी उताराचा केला असून त्यालगत खारी दलदल वाढवली आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात उद्यानाचा सखल भाग खाऱ्या पाण्याखाली गेला, पण दगडी उताराचा काठ टिकून राहिला. पाणी येणार हे गृहीत धरून आखणी केल्याचा हा लाभ.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. वाईला कृष्णेच्या घाटावर उभे राहून पाहा. पाणी चढो की उतरो, त्याच्या शेजारी उभे राहायला एखादी पायरी असतेच. रास्त्यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत नदीच्या बाजूला माशासारखी निमुळती होत जाते. पुराचे पाणी तिच्यावर थडकत नाही, दोन्ही अंगांनी निघून जाते. नदीकाठी बांधायचे तर नदीला वाट कशी ठेवावी, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी दुसरी भिंत मला तरी सुचत नाही.

दगड निवडताना गाव आणि हवा पाहावी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून बर्फाच्या शहरात पाणी न पिणारा ग्रॅनाइट हवा. आपल्याकडे ती भीती नाही. दख्खनचा काळा पाषाण घाटासाठी उत्तम, पण एकाच खाणीत घट्ट थर आणि छिद्रांचा थर दोन्ही निघतात. पायरीला घट्टच घ्यावा. कोकणातला जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत कठीण होतो. त्याच्या खडबडीत अंगावर शेवाळ, नेचे लवकर रुजतात. बागेतल्या भिंतीला हा गुण आहे, ओल्या पायरीला दोष. आरशासारखा घासलेला ग्रॅनाइट तर पाण्याजवळ नकोच. पाथरवटाने टाकी लावून खरखरीत केलेल्या पायरीवर ओला पाय ठरतो. आणि काळा दगड एप्रिलच्या दुपारी अनवाणी पायाला सोसत नाही, तेव्हा सावलीच्या झाडाचा विचार दगडासोबतच व्हायला हवा.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचावीत. गणिताचा भाग कठीण वाटला तर नंतरसाठी ठेवावा. वाचनाबरोबर एक काम मात्र जरूर करावे. आपल्या गावात नदीकाठ सुशोभीकरणाची योजना असेल, तर तिचे अंदाजपत्रक मागून घ्यावे आणि त्यात दगडाखालच्या गाळणथराची ओळ शोधावी. ती नसेल, तर काम सुरू होण्याआधी लेखी विचारणा करावी.